विजूताईंच्या बोटीची नथ

भाऊजींनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, अरविंद. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, माझा त्यांच्याकडे होता. पण आमच्यातलं सगळं दळणवळण चालायचं ते त्यांच्या बायकोमार्फत, म्हणजे माझ्या जाऊबाई विजूताईंमार्फत. "सुनंदाला विचार, चहा घेणार का," असं ते माझ्यासमोर बसून विजूताईंना सांगायचे, आणि मीही समोरच्या खुर्चीतून "भाऊजींना म्हणावं, अर्धा कप," असं विजूताईंनाच सांगायचे. यात राग-रुसवा काही नव्हता. आमच्या सासरची रीतच तशी. थोरल्या दिराने आणि धाकट्या भावजयीने थेट बोलायचं नाही, आणि ती रीत पुण्याहून इंग्लंडला येताना विमानतळावर कुणी काढून घेतली नाही. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी, ब्रॅकनेलच्या घरी मी पोहे भिजवत असताना, फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा तो उचलायच्या आधीच मला कळलं. "सुनंदा..." एवढंच म्हणाले, आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी म्हटलं, "निघालोच आम्ही."

विजूताईंना दुसरा स्ट्रोक आला होता. पहिल्याला त्यांनी दाद दिली नव्हती, दुसऱ्याने त्यांना वेळच दिला नाही. आता एप्रिल सरत आलाय, आणि हे लिहायला बसलेय कारण त्यांच्याबद्दल बोलायचं झालं की लोक "फार हौशी होत्या हो" असं म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो. हौशी माणसं दोन रविवारी एखादी गोष्ट करून तिसऱ्या रविवारी सोडून देतात. विजूताईंनी हातात घेतलेली गोष्ट सोडलेली मी पाहिली नाही. एक सुटली, तीही त्यांच्या हातून नव्हे... आणि तीच सांगायची आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या बेसिंगस्टोकच्या एका शाळेत गणित शिकवत होत्या, आणि घरातही गणितच शिकवायच्या असं म्हटलं तरी चालेल. माझ्या आमटीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, फक्त विचारायच्या, "हे असं का केलंस? नाही, चांगली झालीय. पण का?" उत्तर बरोबर आलं म्हणून मार्क मिळणार नाहीत, स्टेप्स दाखवल्या पाहिजेत, हा त्यांचा बाणा. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून आयुष्यभर पगार घेतलेली बाई. एकीला कारणं हवीत आणि दुसरीला चुका. या दोघींचं पटलं कसं, याचं माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, अजून नवल वाटतं. मला नाही वाटत. जगात बहुतेक माणसं "चालतंय की" म्हणणारी असतात. आम्ही दोघी न चालवून घेणाऱ्या.

निवृत्त झाल्यावर लोक क्रूझला जातात. विजूताईंनी बोट घेतली. फायबरग्लासची, छोटी, मागे इंजिन लावलेली, ट्रेलरवर चढवून गाडीमागे ओढत न्यायची. जुनीच होती, मासेमारीचा नाद सुटलेल्या कुणा म्हाताऱ्याने विकायला काढलेली. विजूताई मूळच्या सोलापूरच्या. लहानपणी पाणी पाहिलं ते हंड्यातलं. त्यामुळेच की काय, हँपशरच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांवर त्या एकदम लट्टू झाल्या. त्यांनी रीतसर कोर्स केला, भरती-ओहोटी शिकल्या, ट्रेलर उलटा नेताना स्टिअरिंग कुठल्या बाजूला फिरवायचं हे स्वतः शिकून मग मला शिकवलं. भाऊजी बरोबर जायचे, पण स्लिपवेपर्यंतच. बोट पाण्यात उतरवायचा तो काँक्रीटचा उतार. त्याच्या माथ्याशी गाडीत बसून ते पेपर वाचायचे. बायको दिसेनाशी झाली की पेपर खाली, दिसली की परत वर. मला पोहता येत नाही. मी लाइफ जॅकेटचे पट्टे दहादा ओढून बघायचे, कड घट्ट धरून बसायचे आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगायचे की फार मजा आली. हळूहळू ती खरंच यायला लागली.

आता बोटीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने, स्टीलची एक जाड कडी असते. तिचे दोन पाय बोटीच्या भिंतीतून आत जातात आणि आतून नटांनी आवळलेले असतात. ट्रेलरवरच्या विंचचा पट्टा त्या कडीत अडकवायचा आणि दांडी फिरवत बोट पाण्यातून वर ओढून घ्यायची. सबंध बोटीचा भार त्या एका कडीवर. इंग्रजीत तिला बोटीचा डोळा म्हणतात. "डोळा कसला? नाकात आहे. नथ आहे ही," असं विजूताईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, आणि घरात तेच नाव रूढ झालं.

या नथेचा आम्ही दरवर्षी दसऱ्याला, अगदी भक्तिभावाने, घात करत आलो. ऑक्टोबर म्हणजे इथे बोट घरी आणून हिवाळ्यासाठी झाकून ठेवायचे दिवस. विजूताई तिला धुऊनपुसून घरासमोरच्या ड्राइव्हवर उभी करायच्या, आणि गाडी, इंजिन, पाने, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू वाहायच्या. कुंड्यांतल्या झेंडूची माळ घालायच्या. स्वस्तिक काढलं तर शेजारी घाबरून पोलिसांना फोन करतील म्हणून बोटीच्या नाकावर ॐ काढायच्या. आणि मग नारळ. तो फोडायचा कशावर? ड्राइव्हची फरशी नवी, घराचा उंबरठा प्लास्टिकचा. तेव्हा घरात त्यातल्या त्यात भक्कम असं काही असेल तर ती नथ. विजूताई बाह्या सरसावून नारळ त्या स्टीलवर आपटायच्या, आम्ही टाळ्या वाजवायचो, पाणी बोटीच्या नाकावरून ओघळायचं आणि खोबरं वाटलं जायचं. पुढे कडीभोवतीच्या चकचकीत पांढऱ्या थराला बारीक चिरा पडलेल्या दिसल्या, तर त्यांनी बाथरूमच्या कामातून उरलेली सिलिकॉनची नळी आणून त्या भरून टाकल्या. पुढच्या दसऱ्याला नवा नारळ, नव्या चिरा आणि वर पुन्हा बाथरूमचं सिलिकॉन. कारणं विचारणाऱ्या विजूताईही गप्प आणि चुका काढणारी मीही गप्प. पूजेचं टेस्टिंग कोण करतं?

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना पहिला स्ट्रोक आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, डाव्या हाताची पकड मात्र गेली. रोहन, त्यांचा एकुलता मुलगा, मँचेस्टरहून धावत आला आणि म्हणाला, "आई, इनफ नाऊ. प्लीज ते बोट विकून टाक." विजूताई म्हणाल्या, "उजवा आहे की." आणि खरंच, गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघी परत खाडीत गेलो. इंजिन मी चालवलं, हुकूम त्यांनी सोडले. परत येताना स्लिपवेवर मी विंचची दांडी फिरवत होते, बोट अर्धी पाण्याबाहेर आली होती, आणि कडकन आवाज झाला. नथ जागची हलली होती. बोटभर बाहेर आली होती आणि तिच्या बुडातून काळपट पाणी गळत होतं. भाऊजी पहिल्यांदाच पेपर टाकून गाडीतून उतरले. "सुनंदाला सांग, समोर उभी राहू नकोस," असं ते बायकोला ओरडून म्हणाले. कडी उपटून आली असती तर ताणलेल्या पट्ट्यासकट सरळ माझ्या तोंडावर आली असती. दोरांनी कशीबशी बांधून, जीव मुठीत धरून आम्ही ती घरी आणली.

त्या संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "विजू, बस झालं आता. विकून टाकू." विजूताईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "विकायची का नाही ते नंतर बघू. पण अशी नाही विकणार. सिलिकॉन फासून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची का? त्याची पोरं उभी असतील मागे. आधी ती नीट करीन, पाण्यात घालीन, त्याच नथेने परत ओढून घेईन. मग बोल." बोटीच्या यार्डात देऊ, असं प्रकाशने सुचवून पाहिलं. "नारळ यार्डाने फोडले होते का?" असं उत्तर मिळालं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण याला दोन हात लागतात गं. एक माझा आहे. दुसरा तू."

नटांपर्यंत पोचायचं म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात एक लहानसा कप्पा आहे, त्यात पालथं पडून डोकं-खांदे घालायचे. मी अंगाने किरकोळ, त्यामुळे आत मी आणि बाहेर विजूताई. पान्याच्या खडखडाटात एकमेकींचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी बाहेरून ठोकायची खूण ठरवली. एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की फिरव. नट गंजून बसले होते. मी आत कोपरं सोलून घेतेय, वर "होत नाहीये ताई, कापून काढू" म्हणून ओरडतेय, आणि बाहेरून शांतपणे दोनदा टकटक. ठोकण्यातही एखादी बाई शिक्षिका असू शकते. शेवटी एकदाचे ते सुटले आणि नथ बाहेर आली. आतून भिंतीला आधार म्हणून बसवलेलं प्लायवूड होतं, त्याला मी हाताचं बोट लावलं तर ते आत गेलं. लाकूड नव्हतंच, काळा, ओला लगदा. विजूताईंनी तो हातावर घेऊन उजेडात धरला. त्यात कुंकवाचा लालसर रंग अजून दिसत होता. दरवर्षीचं नारळाचं पाणी, पावसाचं, खाडीचं, सगळं त्या चिरांतून आत मुरलं होतं, आणि सिलिकॉनने ते बाहेर यायची वाट तेवढी बंद केली होती. मला वाटलं, आता या खचणार. तर त्या ट्रेलरच्या चाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "देवाला वाहिलेलं सगळं आपल्याच घरात शिरलं की गं, सुनंदा!"

मग सगळा हिवाळा त्या कामात गेला. आधी सिलिकॉन खरवडणं, त्याचा अंश राहिला तर त्यावर पुढचं काही चिकटत नाही, हे त्यांनी वाचून काढलं होतं, आणि मी साफ झालं म्हणाले की त्या नख लावून "इथे?" म्हणायच्या. मग लगदा कोरून काढणं. मग वाळवणं. बोटीवर ताडपत्रीचा तंबू आणि आत हवेतला ओलावा शोषून घेणारं यंत्र रात्रंदिवस घुरघुरत. ओलं लाकूड ठोकलं की बद्द वाजतं आणि सुकं टणटणीत, म्हणून विजूताई रोज सकाळी आमटीच्या डावाची दांडी घेऊन बोट वाजवायला जायच्या, आणि भाऊजी स्वयंपाकघरात डाव शोधत बसायचे. थंडीत उभं राहू नका म्हणून मी त्यांना कितीदा बजावलं. "मी उभी नाहीये, मी काम करतेय," असं त्या म्हणायच्या.

जानेवारीच्या शेवटी मी गेले तेव्हा त्यांनी मला तंबूत नेलं आणि डाव वाजवून दाखवला. "ऐक. आता बोलतंय बघ." आवाज खरंच मोकळा झाला होता. पुढच्या स्टेप्स ठरलेल्या होत्या. जुनी भोकं मोठी करून इपॉक्सीने, म्हणजे वाळली की कडक होणाऱ्या राळेने, पूर्ण भरायची, ती दगडासारखी झाली की त्यातूनच नवी भोकं पाडायची, म्हणजे पुढे पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. मग आतून नवी आधाराची पाटी, मग नवी नथ. पण इपॉक्सी थंडीत धरत नाही, तेव्हा जरा ऊब येऊ दे, असं त्या म्हणाल्या. मीच घाई करत होते. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी जुन्या ओढण्या आण गं, पुसायला." ती पुढची वेळ आली, मी ओढण्या नेल्याही...

तेरावा झाला. रोहन परत गेला आणि आठवड्याने त्याचा फोन आला. "काकू, बाबाला ते ड्राइव्हवर बघवत नाही. मी अॅड टाकली आहे. अॅज इज."

माझं डोकंच फिरलं. ज्या बाईने अर्ध्या सोडवलेल्या उदाहरणाला कधी अर्धे मार्क दिले नाहीत, तिची बोट नाकाला दोन भोकं घेऊन जाणार? मी म्हटलं, "रोहन, ती अॅज इज नाहीये. ती अर्धवट आहे."

"बट काकू, व्हॉट्स द पॉइंट? जो घेईल तो फिक्स करेल ना."

"नाही करणार. सिलिकॉन भरेल."

बिचाऱ्याची चूक नव्हती. आई गेलेल्या पोराने दोन भोकांचा विचार करावा तरी का? पण मला त्या दोन भोकांखेरीज काही दिसत नव्हतं. लोक सांत्वनाला यायचे, "ईश्वरेच्छा" म्हणायचे, आणि माझ्या डोक्यात इपॉक्सी. दुःख करायचं तर मला बसून करता येत नाही, हाताला काही लागतं. मी त्याला सांगितलं, "विकायची तर खुशाल विका. पण आईने सांगितलंय तशी झाल्यावर. नीट करून, पाण्यात घालून, त्याच नथेने ओढून. तोवर कुणी आलं तर म्हणावं, थांबा."

मार्चमध्ये ऊन पडायला लागलं तशी मी जायला लागले. पहिल्या दिवशी भाऊजींनी दार उघडलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मधलं माणूसच नव्हतं. शेवटी ते छत्र्यांच्या स्टँडकडे बघून म्हणाले, "चहा..." आणि मीही स्टँडकडेच बघून म्हटलं, "नको. आधी काम." मी भोकं भरली. आतली पाटी कापली, घासली, चिकटवली. इपॉक्सी दगड झाल्यावर हातात ड्रिल घेऊन चांगल्या बंद झालेल्या बोटीला पुन्हा भोक पाडायची वेळ आली तेव्हा मी ड्रिल दोनदा खाली ठेवलं, खोटं कशाला सांगू. मोठ्याने म्हटलं, "ताई, पाडू ना?" आणि उत्तराची वाट न बघता पाडलं. भाऊजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायचे. मी बघितलं की कपबशी विसळायला लागायचे.

नवी नथ बसवायच्या दिवशी माझा अंदाज चुकला. प्रकाशच्या खांद्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्याला आणलं नव्हतं. मी ठरवलं की एकटीच करीन. बाहेरून नथेला बोटींसाठीचं खास सीलंट लावून, ती भोकांत बसवून, चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवायची आणि मग आत शिरून नट लावायचे. आत शिरले, पहिला नट हातात घेतला, आणि बाहेर चिकटपट्टी सुटून नथ खणकन फरशीवर पडली. सीलंट लावून झालेलं, ते सुकायला लागलेलं, आणि मी कप्प्यात खांद्यापर्यंत अडकलेली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "भाऊजी!"

पावलं आली. सपाता घालूनच आले असावेत. "काय... काय झालं?"

"नथ पडली! उचला, माती लागली असेल तर पुसा, आणि भोकांत घाला."

"कुठली बाजू वर?"

"दोन्ही सारख्याच! घाला हो!"

थोरल्या दिरांच्या अंगावर मी खेकसले होते. पण लाजायला वेळ नव्हता. अंधारात दोन स्टीलचे पाय भोकांतून आत आलेले दिसले आणि मी त्यांवर नट चढवले. "आता बाहेरून दाबून धरा. तिरकी होऊ देऊ नका."

"धरलीय." थोडा वेळ गेला. मग भिंतीला तोंड टेकवून विचारल्यासारखं, "विजू कशी धरायची?"

"उजव्या हाताने. आणि सबंध वेळ ठोकून मला हुकूम द्यायच्या."

"मला हुकूम द्यायला जमणार नाही, सुनंदा."

"नका देऊ. नुसती सोडू नका."

"नाही सोडत."

मी आत पालथी पडून रडले. नट फिरवता फिरवता रडले, आणि पलीकडे ते रडत होते की नाही ते फायबरग्लासमुळे ऐकू आलं नाही. त्या दिवशी नट नुसते टेकवूनच ठेवले. लगेच आवळले तर सगळं सीलंट पिळून बाहेर येतं, काही दिवसांनी ते घट्ट झालं की मग शेवटचे वेढे द्यायचे. बाहेर आले तर भाऊजी अजून नथ धरून उभे. "सोडली तरी चालेल आता," मी म्हटलं. "मग चहा घेणार का?" त्यांनी मला विचारलं. मला. मी म्हटलं, "पूर्ण कप."

शेवटचे वेढे द्यायला मी गेले तेव्हा ते जोडे घालून आधीच बोटीपाशी उभे होते. इतक्यात रोहनच्या जाहिरातीला एक माणूस लागला होता, रविवारी बघायला येणार होता. मी म्हटलं, "मग शनिवारी पाण्यात घालू. अट अट आहे." त्यांनी मान हलवली.

स्लिपवेवर मी ट्रेलर उलटा घातला, बोट तरंगली, आणि मी वळून बघते तर भाऊजी गाडीकडे जायच्या ऐवजी विजूताईंचं लाइफ जॅकेट अंगात घालायच्या खटपटीत. बकल त्यांच्या पोटावर येईना. मी पट्टे पार शेवटपर्यंत सैल करून दिले. बोटीत बसल्यावर ते टॉर्च घेऊन पुढच्या कप्प्यात डोकं घालून पडले, आणि मिनिटामिनिटाला आतून बातमी देत राहिले, "कोरडं आहे... कोरडंच आहे." एवढी सुंदर खाडी, पाण्यावर ऊन, आणि या गृहस्थांचे नुसते पाय मला दिसताहेत. शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, आता वर या. बघा तरी." ते उठून बसले. बराच वेळ काठावरची झाडं आणि पलीकडे रुंद होत गेलेलं पाणी बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी हे सगळं नुसतं ऐकलं होतं, तेही पेपर वाचता वाचता.

"इथवर यायची ती?"

"याच्याही पुढे जायच्या."

"मग ने पुढे," ते म्हणाले.

परतल्यावर मी पट्टा नथेत अडकवला आणि दांडी त्यांच्या हातात दिली. माझ्याने फिरवली जाईना. पट्टा ताणला गेला, ट्रेलर कुरकुरला, बोट पाण्यातून वर यायला लागली आणि सगळा भार त्या कडीवर आला. मी नथेवरून नजर हलवली नाही. ती तसूभरही हलली नाही. बोट वर आली, पाणी निथळून गेलं, आणि आम्ही दोघं स्लिपवेवर खुळ्यासारखे उभे राहिलो. मला अभिमान वाटला, आणि विजूताईंची इतकी आठवण आली की मी ट्रेलरच्या चाकावर जाऊन बसले. हा क्षण त्यांचा होता आणि तो बघायला त्या नव्हत्या. त्याला काही इलाज नाही, आणि त्याचं समाधान कुणी करूही नये.

रविवारी तो माणूस ठरल्या वेळी आला. मध्यमवयीन, नीटनेटका, बोटीतलं कळणारा. त्याने इंजिन बघितलं, टायर बघितले, मग पुढे जाऊन नथेला हात लावला, हिसका दिला, टॉर्चने आत डोकावला. आतली पाटी, कडेने सारखं बसलेलं सीलंट. खूश झालेला दिसला.

"दॅट्स अ लव्हली जॉब. हू डिड इट?"

"माय वाइफ," भाऊजी म्हणाले.

माझी कोपरं अजून सोललेली होती, पण मी काही बोलले नाही. उत्तर बरोबरच होतं.

तो माणूस हात चोळत म्हणाला, "राइट. शॅल वी टॉक, देन?"

भाऊजींनी ताडपत्री उचलली आणि बोटीच्या नाकावर नीट ओढून घेतली. "आय अॅम सॉरी," ते म्हणाले, "यू हॅव कम ऑल द वे. पण... बट इट्स नॉट फॉर सेल. शी हॅजन्ट फिनिश्ड विथ इट."

तो बिचारा समजूतदारपणे हसला आणि घराच्या दाराकडे बघू लागला, विजूताई आतून कधी बाहेर येताहेत म्हणून. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं.